पिवळ्या टिकलीचा ग्लास

ठण्ण! आणि मग गरगर, गरगर, गरगर.

स्टीलच्या डबीचं झाकण फरशीवर पडलं की लगेच गप्प बसत नाही. आधी मोठी फेरी घेतं, मग लहान, मग जागच्या जागी थरथरत राहतं. आणि तोवर घरातल्या आईनं श्वास रोखून उभं राहायचं. मुक्ता नुकतीच झोपली होती. चार वर्षांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजे माझी दिवसातली एकमेव चोरीची कमाई. तेवढ्यात मी चार ओळी लिहिते, केस विंचरते, नाहीतर नुसतीच भिंतीला टेकून बसते.

झाकण शेवटी फ्रिजखाली शिरलं आणि निपचित पडलं. मुक्तानं कूस बदलली, अंगठा शोधला, तो सापडला. वाचलो.

मी स्वयंपाकघरात डोकावले. माझा नवरा, जीवन, मसाल्याच्या कपाटात मानेपर्यंत शिरला होता.

"काय शोधतोयस?"

"फुटाणे."

"फुटाणे तिथं कधी होते?"

"म्हणूनच सापडत नाहीयेत," असं म्हणून तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता चपला घालून गेला. त्याच्या शर्टाचा खिसा फुगलेला होता. मी विचारलं नाही. चोरीची कमाई अशी चौकशीत घालवायची नसते.

हे महिन्याभरापूर्वीचं.

जीवनचा आणि त्याच्या शाळेतल्या मित्राचा, भटूचा, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा बिअरचा कारखाना आहे. त्याआधी जीवन जळगावला टोमॅटो सॉसच्या कंपनीत होता. आम्ही राहतो धुळ्याला, देवपुरात. माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, शेजारीपाजाऱ्यांना सांगतात की पोराचा थंड्याचा धंदा आहे. ते खोटं नाही. बिअर थंडच असते.

तीन वर्षं कारखान्यात चालायचं ते भटूच्या कृतीनं. जीवन टाक्या धुवायचा, तापमान बघायचा, भटू सांगेल ते मिसळायचा. पण या वर्षी नाशिकच्या एका हॉटेलवाल्यानं काळी बिअर मागितली. एकच द्या, म्हणाला, पण लोक लक्षात ठेवतील अशी द्या. काळी बिअर म्हणजे काही अघोरी प्रकार नाही. जव भाजून भाजून काळं करतात, इतकंच; आपण काळ्या मसाल्याला खोबरं भाजतो तसं. भटूनं दोन प्रकारच्या केल्या. आणि जीवननं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं एक केली.

मोठी टाकी एकच रिकामी होती. दोघांचं जुंपलं. शेवटी ठरलं की रविवारी तिन्ही बिअर तीन माणसांनी चाखायच्या, कुठली कुणाची ते न सांगता, आणि दहापैकी मार्क द्यायचे. जास्त मार्कांची टाकीत जाईल.

आदल्या दिवशी मुक्ताची मच्छरदाणी खोचता खोचता जीवन म्हणाला, "माझी नाही निवडली, तर मी आपला परत सॉसमध्ये."

विनोद असल्यासारखं म्हणाला. पण मच्छरदाणीचं तेच टोक तो तीनदा खोचत होता.

तीन माणसांतली एक मी होते. मी अन्नतंत्रज्ञान शिकलेय, आणि लग्नाआधी जळगावच्या एका लोणच्या-चटण्यांच्या कंपनीत चाखणाऱ्यांच्या खोलीत कामाला होते. माझी जीभ पगारावर होती! मुक्ता झाल्यापासून ती जीभ फक्त दूध गरम आहे का एवढंच सांगते.

"मी तपासायला चाललेय," मी अक्कांना सांगितलं.

"तपासनं म्हंजे पेनंच ना?" अक्का म्हणाल्या.

"पिऊन थुंकायचं असतं, अक्का."

"मंग जानं कशाले?"

पण मुक्ताला एकटीनं 'तशा' जागी जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून स्वतःच गाडीत येऊन बसल्या. नरडाण्याला पोचल्यावर बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकली, आणि कारखान्याकडे पाठ करून बसल्या. आपण आलो आहोत हे कारखान्याला कळू नये, अशा बेतानं.

मुक्ताला सकाळीच कळलं होतं की आई आज मार्क देणार. त्यामुळे तिनं गाडीतच सुरुवात केली होती. पुलाला सात. बैलाला नऊ. बाबाच्या गाडी चालवण्याला चार. अक्काला शंभर.

"दहापैकी द्यायचे," मी म्हटलं.

"अक्का दहात मावत नाही," मुक्ता म्हणाली. अक्कांनी पुढच्या सीटवरून मागे न बघता तिच्या हातात खडीसाखर ठेवली.

आत दोन परीक्षक आधीच आले होते. एक सुकदेव गुरुजी. यांनी भटू आणि जीवन दोघांनाही शाळेत गणित शिकवलं होतं. आता निवृत्त, घरी सांगून आले होते की माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे. दुसरे झुलालभाऊ. हायवेवर त्यांचं शेवभाजीचं हॉटेल आहे, आणि त्यांच्या मिशा इतक्या भरघोस आहेत की पाण्याचा ग्लाससुद्धा ते जरा तिरका करून पितात.

भटूनं चहाच्या काचेच्या ग्लासांत बिअर ओतून ठेवल्या होत्या. ओळखायला प्रत्येक ग्लासावर एक टिकली: लाल, हिरवी, पिवळी. टिकल्यांचं पाकीट माझंच होतं. उरलेल्या टिकल्या मुक्तानं ताब्यात घेतल्या आणि एकेक करून स्वतःच्या कपाळावर, गालांवर, गुडघ्यावर लावल्या. मग मी तिला दाराबाहेर अक्कांकडे पिटाळलं. जीवनला भटूनं सांगितलं होतं की तू भिंतीकडे तोंड करून उभा राहा, तुझ्या चेहऱ्यावरनं कळतं. म्हणून तो आमच्याकडे पाठ करून एक स्वच्छ पाइप फडक्यानं पुन्हा पुन्हा स्वच्छ करत होता.

"सुरुवात करू," भटू म्हणाला.

"थांब," झुलालभाऊंनी पिशवीतून लसणाची शेव, तळलेली मिरची आणि शेंगदाण्याचा ठेचा काढला. "असं कोरडं कोरडं काय चाखायचं?"

"भाऊ, ठेचा खाल्ल्यावर चव कळणार कशी?" मी म्हटलं. "मधे मधे मुरमुरे खायचे आणि पाणी प्यायचं."

"मुरमुरे?" झुलालभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्यांना पथ्याचं जेवण वाढलंय. "वहिनी, मुरमुरे पोरांना देतात."

पण शेव परत पिशवीत गेली. ठेचा मात्र त्यांनी हाताशीच ठेवला, धीर म्हणून.

लाल टिकलीचा ग्लास. मी आधी वास घेतला, मग घोट, जिभेवर फिरवला, आणि शेजारच्या पातेलीत थुंकला.

झुलालभाऊ दचकले. "वहिनी, वाईट आहे का?"

"नाही, छान आहे. कॉफीसारखी, मागून थोडा गूळ."

"मग थुंकली कशाला?"

"तसंच करतात."

"आमच्या हॉटेलात कोणी असं केलं ना, तर आचारी नोकरी सोडून जाईल."

गुरुजींनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. झोप लागली की काय, असं वाटेपर्यंत. मग म्हणाले, "साडेसहा."

"फक्त?" भटूच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या हातून सातवर अजून कोणी गेलेलं नाही. फेस जास्त आहे. फेस म्हणजे समासात चित्रं काढण्यासारखं. अर्धा मार्क तिथं गेला."

"झुलालभाऊ, तुम्ही?"

"दहा."

हिरव्या टिकलीची पातळ आणि कडवट होती. कडू कारल्याचं पाणी जरा शिकून आल्यासारखी. गुरुजींनी पाच दिले. झुलालभाऊंनी दहा.

"भाऊ, ही पण दहा?"

"समोर आणून ठेवलेल्या गोष्टीला नाव ठेवायचं नाही, असं माझा बाप सांगून गेला. मी लग्नातल्या वरणालाही दहा देतो."

म्हणजे झुलालभाऊंचे मार्क असून नसल्यासारखे. निकाल गुरुजींवर आणि माझ्यावर आला.

पिवळ्या टिकलीचा ग्लास मी नाकाशी नेला आणि माझा हात थांबला.

आधी छान भाजल्याचा वास होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची कड तव्यावर जराशी करपते ना, तसा. आणि त्याच्या मागून, दाराआडून एखादी आत्या डोकावावी तसा, दुसरा. ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. माझ्या मानेला घाम फुटला.

बाळंतशेपा.

मुक्ता झाली मे महिन्यात, माझ्या माहेरी, मुक्ताईनगरला. मे महिन्यातलं मुक्ताईनगर ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पत्रे तापून टकटक वाजायचे. त्यात मागची अंधारी खोली, खिडक्या बंद, माझ्या कानांना फडकं गुंडाळलेलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि त्यावर आई मुठीनं ओवा आणि बाळंतशेपा टाकायची. बाहेर शेकोटी, आत शेकोटी, मधे मी. असा सव्वा महिना. सगळ्या बायका म्हणायच्या, बाळाकडे बघ, सगळं विसरशील. मी बघायचे. विसरायचे नाही. निघताना आईनं उरलेल्या शेपेची डबी माझ्या पिशवीत घातली, दुसऱ्या वेळेला लागेल म्हणून. मी ती मसाल्याच्या कपाटात सगळ्यात वर, सगळ्यात मागे सारून दिली आणि कधीच उघडली नाही.

फुटाणे म्हणे!

मी जीवनकडे बघितलं. त्याची पाठ माझ्याकडे होती, पण पाइप पुसणं थांबलं होतं. कान मागे वळवता आले असते तर त्यानं वळवले असते.

मी ग्लास खाली ठेवला.

"हा वास ओळखीचा आहे," गुरुजी म्हणाले. "अगदी ओळखीचा. नाव मात्र... परीक्षेत पोरांचं असंच व्हायचं."

"देवळातला?" झुलालभाऊ म्हणाले.

"छे."

"जडीबुटीच्या दुकानातला?"

"जवळ आलात. पण घरातला आहे हो. चांगला वास आहे. साडेसहा."

"माझे दहा," झुलालभाऊ म्हणाले, आणि ग्लास संपवला. मग दुसरा मागितला. "ही चढत नाही, पण बरं वाटतं. कंबरेला शेक दिल्यासारखं."

लाल आणि पिवळी बरोबरीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्यात दार उघडलं आणि मुक्ताला पाणी हवं म्हणून अक्का तिचा हात धरून आत आल्या. दोन पावलं आल्या आणि थबकल्या. नाक वर केलं. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आठे कोन बाळंतीन शे?"

एका भरलेल्या टाकीत कुठेतरी बुडबुडा फुटला.

झुलालभाऊंनी हातातला ग्लास फार सावकाश खाली ठेवला.

"जीवन," भटू म्हणाला, "तू बिअरमध्ये बाळंतशेप घातली?"

जीवन वळला. कान लाल झाले होते. "लोक धणे घालतात. संत्र्याची साल घालतात."

"अरे, धणे सगळे खातात! हे कोण खातं?"

"तरीच म्हनू," अक्का म्हणाल्या, "डबीनं झाकन फ्रिजखाले कसं सापडनं!"

झुलालभाऊ एकदा रिकाम्या ग्लासाकडे आणि एकदा स्वतःच्या शर्टाकडे बघत होते. "अक्का, मी दोन ग्लास प्यायलो. काही होणार तर नाही ना?"

"व्हई ना," अक्का शांतपणे म्हणाल्या. "दूध ई. दुसरं काय?"

"माझे दहा परत घेतो," झुलालभाऊ म्हणाले.

"दिलेले मार्क परत घेता येत नाहीत," गुरुजी कडाडले. छत्तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज होता तो. झुलालभाऊ खाली बसले. "आणि वास चांगला आहे, असं मी म्हटलंय, ते कायम आहे. माझ्या तीन मुलांच्या वेळचा वास आहे हा. तरीच म्हटलं, घरातला."

"पण गुरुजी, नाव काय द्यायचं हिला?" भटूनं कपाळावर हात मारला. "हॉटेलवाल्याला सांगू काय? सव्वा महिना?"

"नाव वाईट नाही," गुरुजी म्हणाले.

"वहिनी," भटू माझ्याकडे वळला, "आता सगळं तुमच्यावर. लाल किती, पिवळी किती?"

"मला जरा हवा हवी," मी म्हटलं आणि बाहेर आले.

जीवन मागोमाग आला. कडुनिंबाखाली अक्कांची खुर्ची रिकामी होती. आम्ही दोघंही उभेच राहिलो.

"हे का केलंस रे?" अक्का आत होत्या, म्हणून मी 'अहो' गुंडाळून ठेवलं.

"मला वाटलं तुला आवडेल."

"मला?"

"अगं, तेव्हा मी सॉसच्या कंपनीत. आठवड्यातून एक दिवस सुटी. एसटी नशिराबादच्या पुढे गेली ना, की मला तो वास यायला लागायचा. मला माहितेय, एवढ्या लांबून येत नसतो. पण यायचा. मग दार उघडलं की खरा वास, तू, आणि ती. हातात घ्यायला भीती वाटायची, म्हणून मी नुसता वास घेत बसायचो." त्यानं कडुनिंबाची साल नखानं उकरली. "मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं, प्राची. स्वतःचं म्हणून मला तेवढंच आठवलं."

मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज बारीक होतो.

"तुझ्याकडे तो वास रविवारपुरता होता," मी म्हटलं. "माझ्याकडे सगळा आठवडा."

त्यानं रिकाम्या खुर्चीची पाठ धरली.

"त्या खोलीत मला रडू यायचं. रोज. कारण काही नसायचं. आई म्हणायची, उकाड्यानं. असेल. पण त्या शेपेचा धूर आला की मला वाटायचं, आता मी या बाजेवरून कधीच उठणार नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"तू इतका खुशीत यायचास. केळी आणायचास, डझनभर. खोलीत आल्या आल्या म्हणायचास, काय मस्त वास आहे. काय सांगू?"

तो चपलेनं निंबोळ्या इकडच्या तिकडे करत होता. मग म्हणाला, "शून्य दे. मी रागावणार नाही. सॉस काही वाईट नसतो."

"गप्प बस," मी म्हटलं. "मार्क असे मागून घ्यायचे नसतात. कमी पण नाहीत."

आत आले. मुक्ता गुरुजींना मार्क देत होती. टोपीला दोन मिळाले होते आणि गुरुजी दुखावले होते.

"दोनच का गं?"

"भोक आहे."

मी पुन्हा दोन्ही ग्लास घेतले. लाल टिकली नीटनेटकी होती. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती, आणि आठवणीत ठेवायलाही नव्हती. सात.

मग पिवळी. या वेळी डोळे मिटले. वास आला, मानेला घाम आला, ती खोली आली. तरी मी घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. थुंकायची पातेली हाताशी होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की हा वास थंड आहे.

इतक्या वर्षांत तो मला थंड कधी भेटलाच नव्हता. भेटला तो धुरातून, निखाऱ्यातून, तापलेल्या पत्र्याखाली. आता तोच वास काळ्या थंडगार पाण्यातून आला, भाजलेल्या जवाशी गप्पा मारत, आणि हळूच घशातून उतरला. मी तो थुंकला नव्हता. अख्ख्या दुपारभरात गिळलेला पहिला घोट.

"वहिनी प्यायल्या!" झुलालभाऊ ओरडले.

अक्कांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय, देव जाणे.

"भाजणी तिघींत हिची उत्तम आहे," मी म्हटलं. माझा पगारावरचा आवाज मला फार दिवसांनी ऐकू आला. "पण शेप जास्त झाली. इतकी की घोट घ्यायच्या आधीच माणूस घाबरतो. निम्मी करा. मागून आली पाहिजे, दार ढकलून नाही. आत्ता आहे तशी, साडेसात."

"अर्ध्या मार्कानं!" भटू म्हणाला. थोडा खट्टू झाला, पण प्रामाणिक माणूस. त्यानं जीवनच्या पाठीत अशी थाप मारली की हातातला पाइप पडला.

"अर्ध्या मार्काची किंमत नापास झालेल्याला विचार," गुरुजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सातच्या वर गेलात. मला कधी धीर झाला नाही."

"निम्मीच घालणार ना पण?" झुलालभाऊंनी खात्री करून घेतली. "मग माझ्या हॉटेलात पण ठेवा. गिऱ्हाइकाला सांगू नका फक्त."

"परवाना लागतो, भाऊ," भटू म्हणाला.

"मग मीच येत जाईन इकडं," म्हणत त्यांनी शेवटी ठेच्याचा डबा उघडला.

जीवननं पिवळ्या टिकलीचा ग्लास उचलला, मुक्ताला कडेवर घेतलं, आणि लांबूनच ग्लास तिच्या नाकाखालून फिरवला. "प्यायचं नाही, नुसता वास घे. तू आलीस ना आजीकडे, तेव्हा घरात असा वास होता."

मुक्तानं नाकपुड्या फुगवून वास घेतला. मग स्वतःच्या हाताचा वास घेऊन बघितला. मग पुन्हा ग्लासाचा. कपाळावरच्या चारही टिकल्या आक्रसल्या. ती विचार करत होती.

"किती मार्क?" जीवननं विचारलं.

तिनं त्याच्या कडेवरून वाकून माझ्याकडे दोन्ही हात केले, मी तिला घेतलं, आणि तिनं माझी हनुवटी धरून माझा चेहरा स्वतःकडे वळवला, मी दुसरीकडे बघू नये म्हणून.

"आई, मी त्या वासात आले ना? मग तेव्हा तू मला किती मार्क दिले?"